शहाळं आणि नारळ: फळ एकच, वय वेगळं

हिरवं शहाळं आणि तपकिरी नारळ ही दोन वेगळी फळं आहेत का? शहाळ्यातली मऊ मलई खायची की टाकायची? दोन्हींत जास्त पौष्टिक काय? आणि शहाळं घरी ठेवून दिलं तर त्याचा नारळ होतो का? असे चार प्रश्न एकदम आले आहेत. नारळाची काढणी आणि त्यानंतरची प्रक्रिया हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तरं. फळ एकच आहे, फक्त वय वेगळं. मलई जरूर खायची. पौष्टिक काय, हे तुम्हाला त्यातून काय हवं आहे त्यावर ठरतं, कारण वयाबरोबर फळाच्या आतला मालच बदलतो. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही असं आहे: झाडावरून उतरवलेल्या शहाळ्याचा नारळ होत नाही. आंबा किंवा केळं काढल्यावर पिकतं, नारळ तसा पिकत नाही. देठ तुटला की आत खोबरं भरण्याची क्रिया थांबते. ठेवलेलं शहाळं सुकतं, आंबतं आणि शेवटी नासतं. म्हणून नारळात सगळा निर्णय काढणीच्या वेळी होतो आणि घेणाऱ्याला फळाचं वय ओळखता येणं महत्त्वाचं ठरतं. लोक मात्र वय सोडून रंग बघतात.

रंगाचं आधी मिटवू. नारळाच्या काही जातींची फळं हिरवी, काहींची पिवळी तर काहींची नारिंगी असतात. हा जातीचा गुण आहे. चौघाट ऑरेंज ड्वार्फ ही ठेंगणी जात शहाळ्याच्या पाण्यासाठीच नावाजलेली आहे, आणि तिचं कोवळं फळ नारिंगी असतं. उलट काही उंच जातींचं पूर्ण तयार झालेलं फळही बाहेरून बराच काळ हिरवट राहतं. दुकानात दिसणारा तपकिरी नारळ म्हणजे सोडण (करवंटीवरचं जाड, तंतुमय आवरण) काढून टाकलेला नारळ. तो तपकिरी रंग फळाच्या सालीचा नसून आतल्या करवंटीचा आणि तिच्यावर राहिलेल्या काथ्याचा आहे. म्हणजे हिरवं शहाळं आणि तपकिरी नारळ शेजारी ठेवून रंगाची तुलना करतो तेव्हा आपण एका फळाच्या सालीची दुसऱ्या फळाच्या करवंटीशी तुलना करत असतो. पांढरे, वरून टोकदार तासलेले नारळ मिळतात, ती शहाळीच असतात. त्यांची हिरवी साल काढून आतलं पांढरं सोडण ठेवलेलं असतं.

आता आत काय चालतं ते. नारळाच्या चांगल्या झाडाला साधारण महिन्याला एक पोय (फुलोरा) येते, त्यामुळे एकाच झाडावर बोंडापासून तयार नारळापर्यंत सगळ्या वयांचे घड एकाच वेळी लटकत असतात. परागीभवनापासून फळ पूर्ण तयार व्हायला 11 ते 12 महिने लागतात. पहिले काही महिने फळ फक्त आकाराने वाढतं. सोडण जाड होतं, करवंटीचा साचा तयार होतो आणि आतली पोकळी पाण्याने भरत जाते. हे पाणी म्हणजे मुळांनी ओढून वर साठवलेलं साधं पाणी नव्हे. बीजातल्या अंकुरासाठी झाडाने तयार केलेला तो अन्नसाठा आहे, फक्त अजून पातळ स्वरूपात. वनस्पतिशास्त्रात त्याला भ्रूणपोष म्हणतात. कोवळ्या फळाच्या या द्रवात पेशींच्या भिंती न बनलेली केंद्रकं मोकळी तरंगत असतात. पुढे तीच करवंटीच्या आतल्या बाजूला बसून पेशी बनवू लागतात आणि खोबरं तयार होतं. या पाण्यात वाढीला चालना देणारे घटक किती आहेत हे 1941 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. धोत्र्याचे अगदी बारीक भ्रूण त्यांनी नारळाचा हा द्रव घातलेल्या माध्यमात वाढवले. वनस्पती ऊती संवर्धनाच्या प्रयोगशाळांत नारळपाणी पोहोचलं ते तिथून.

पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमाराला आत पहिली मलई धरते. ती सगळीकडे एकदम धरत नाही. देठाच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे तळाशी, आधी सुरू होते आणि मग भिंतीवरून देठाकडे चढत जाते. म्हणूनच एखाद्या शहाळ्यात तळाशी चांगली जाड मलई मिळते आणि वरच्या भागात करवंटीला नुसता चिकट थर असतो. यात कोणी फसवलेलं नसतं. फळ त्या वयाचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

साधारण सातव्या महिन्यात फळातलं पाणी आणि त्या पाण्यातली साखर दोन्ही शिखरावर असतात. शंभर मिलीलीटरमध्ये पाच ग्रॅमच्या आसपास साखर, आणि तीही बहुतांशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पाणी पिण्यासाठी शहाळं काढायची खरी वेळ हीच. त्यानंतर फळ आपला साठा पाण्यातून काढून खोबऱ्यात घालू लागतं. पाण्यातली एकूण साखर उतरत जाऊन दोन ग्रॅमच्या आसपास येते, उरलेल्या साखरेत सुक्रोजचा वाटा वाढतो, आम्लता कमी होते आणि पाण्याचं प्रमाणही घटतं. तयार नारळाचं पाणी सपक किंवा किंचित खारट लागतं ते यामुळे. ते खराब नसतं. त्यातली साखर आता पाण्यात उरलेली नसते, एवढंच.

मलई मऊ का आणि खोबरं टणक का, याचं कारण मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. कोवळ्या मलईत गॅलॅक्टोमॅनन नावाची एक लांब साखळीची शर्करा असते. तिच्या कण्याला बाजूने गॅलॅक्टोजचे तुकडे चिकटलेले असतात आणि त्यांच्यामुळे ती पाणी धरून ठेवते, थर लिबलिबीत राहतो. फळ जून होताना एक विकर (एन्झाइम) हे बाजूचे तुकडे छाटत जातं. उघडे पडलेले कणे एकमेकांना घट्ट चिकटतात, पाणी बाहेर पडतं आणि थर टणक होतो. त्याच वेळी पेशींमध्ये तेल भरत जातं. याचा पुरावा निसर्गानेच देऊन ठेवला आहे. फिलिपिन्समध्ये मकापुनो नावाचा नारळ होतो. त्यात हे विकर नीट काम करत नाही, म्हणून पूर्ण वयाच्या नारळातही टणक खोबऱ्याऐवजी मऊ, जाड गर भरलेला असतो. त्या नारळाला स्वतःहून कोंब फुटत नाही. त्याचा भ्रूण काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो.

आता हे वय बाहेरून कसं ओळखायचं? सर्वांत भरवशाची खूण आवाज. कानाशी धरून हलवा. कोवळ्या फळाची पोकळी पाण्याने काठोकाठ भरलेली असते, आत दाबही असतो, त्यामुळे आवाज येत नाही. भोक पाडल्यावर कधीकधी पाण्याची चिळकांडी उडते ती याच दाबामुळे. आवाज येऊ लागला म्हणजे आत हवेला जागा झाली, पाणी कमी झालं, फळ जून होऊ लागलं. तेव्हा शहाळं घेताना आवाज नको, आणि नारळ घेताना खळखळ हवी. नारळ मुका असेल तर तो बहुधा चिरलेला आहे आणि पाणी निघून गेलं आहे. दुसरी खूण वजनाची. सारख्या आकाराच्या दोन शहाळ्यांत हाताला जड लागतं ते घ्या. तिसरी खूण सालीची. तुकतुकीत, ताणलेली साल ताज्या काढणीची. सुरकुतलेली, डागाळलेली साल म्हणजे फळ बरेच दिवस पडून आहे, मग ते कोवळं असो वा जून.

चौथी खूण कापल्यावरच कळते. कोवळ्या शहाळ्याची करवंटी पांढरी आणि मऊ असते, धारदार कोयत्याला सहज कापली जाते. जशी ती पिवळसर आणि मग तपकिरी होते तशी कठीण होत जाते. आठव्या महिन्यानंतर करवंटी चांगलीच टणक होऊ लागते आणि मलईला खोबऱ्याचा कुरकुरीतपणा यायला लागतो. शहाळं आणि नारळ यांच्या मधल्या या फळाला अडसर म्हणतात. अडसराकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, पण खायला मला तो फार आवडतो. पाणी अजून गोड असतं, गर चावून खाता येतो आणि तेलकटपणा आलेला नसतो. ज्यांना मलई बुळबुळीत वाटते आणि खोबरं जड पडतं, त्यांनी अडसर मागून पाहावा.

विकत घेताना "शहाळं द्या" एवढंच सांगून भागत नाही. पाणी हवं, पातळ मलई हवी की जाड मलई, ते सांगा. सवयीचा माणूस घडातलं स्थान, सालीची झाक आणि बोटाने ठोकल्यावर येणारा नाद यावरून बरोबर फळ काढून देतो. भरपूर पाणी आणि भरपूर मलई एकाच फळात मागणाऱ्यांची मात्र निराशा होते. मलई चांगली धरेपर्यंत पाणी उतरणीला लागलेलं असतं. दोन्ही हवं असेल तर मधल्या वयाचं, पातळ मलईचं फळ घ्या.

काढणीबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावरून टिकाऊपणा कळतो. तयार नारळ झाडावरून खाली टाकला तरी सोडण जाड आणि करवंटी कठीण असल्याने बहुधा निभावून जातं. शहाळ्याचा घड मात्र दोरीने हळूच उतरवावा लागतो. आपटलं की मऊ करवंटीला बारीक चीर जाते, बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत पाणी नासू लागतं. घरी नेतानाही म्हणूनच शहाळी आदळू नका.

फोडताना सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नका. फळ एका हातात धरून दुसऱ्या हाताने वार करणं हे रोज तेच काम करणाऱ्याचं कसब आहे, ते बघून घरी करायचं नाही. फळ जाड लाकडी पाटावर नीट बसवा, आधाराचा हात पात्याच्या वाटेतून दूर ठेवा आणि सोडण तिरकं तासत पांढरी करवंटी दिसेपर्यंत जा. मग सुरीच्या टोकाने झाकण उचला. पाणी आधी गाळणीतून भांड्यात ओता, वास घ्या आणि मगच प्या. नंतर फळ उभं दोन भागांत कापून चमच्याने मलई खरवडा. ती करवंटीपासून सहज सुटते. पातळ मलई तशीच खावी किंवा तिच्याच पाण्याबरोबर मिक्सरमधून फिरवावी. जाड मलईच्या फोडी करून फळांबरोबर थंड खाव्यात. फार शिजवू नये, तिची नाजूक चव उष्णतेत जाते.

तयार नारळाची रीत वेगळी. त्याच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, त्याच्याच खाली अंकुर असतो. तो डोळा टोचून पाणी काढून घ्या. मग नारळ फिरवत फिरवत मधल्या कडेवर जाड सुरीच्या पाठीने ठोका, बऱ्यापैकी सरळ दोन वाट्या होतात. खोबरं सुटत नसेल तर वाट्या थोडा वेळ गरम ओव्हनमध्ये ठेवा. खोबरं आकसून करवंटीपासून मोकळं होतं.

स्वयंपाकात या दोघांची अदलाबदल चालत नाही. नारळाचं दूध म्हणजे तयार खोबरं खवून, पाण्यात पिळून काढलेला रस. त्याचा दाटपणा तेलामुळे येतो. मलईत तेल जवळजवळ नसल्यामुळे ती कितीही वाटली तरी तिचं दूध होत नाही, गुळगुळीत पेज होते. उलट, मलईच्या जागी खोबऱ्याचे तुकडे घातले तर ते दाताखाली रवाळ लागतात. खवून, भाजून, वाटून किंवा वाळवून जे काही करायचं असतं ते सगळं तयार नारळाचं काम. ताजेपणाने खायचं-प्यायचं ते शहाळ्याचं.

पौष्टिकतेचे आकडे पाहिले की फरक लख्ख दिसतो. तयार ओल्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 354 किलोकॅलरी आणि 33 ग्रॅम स्निग्धांश असतो, त्यातला बहुतांश संपृक्त. सुमारे 9 ग्रॅम तंतू असतात आणि निम्म्याच्या आसपास पाणी. वाळवलेल्या खोबऱ्यात तेलाचं प्रमाण 60 टक्क्यांच्या वर जातं. त्या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वाढवतं, तेव्हा ज्यांना डॉक्टरांनी संपृक्त चरबीवर मर्यादा घालायला सांगितली आहे त्यांनी खोबऱ्याचा हिशेब ठेवावाच. नारळपाणी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. जवळजवळ 95 टक्के पाणी, 100 मिलीलीटरला 20 किलोकॅलरीच्या आसपास, स्निग्धांश नगण्य. मलई या दोघांच्या मध्ये, पण कोवळी असेल तर पाण्याच्या जास्त जवळ. तेव्हा "नारळाने वजन वाढतं का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या वयाचा नारळ, हे आधी विचारायला हवं.

नारळपाण्याबद्दल दोन गोष्टी मी आग्रहाने सांगतो. पहिली, ते निसर्गाचं सलाईन आहे असं सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, 100 मिलीलीटरमध्ये 250 मिलीग्रॅमपर्यंत, पण सोडियम त्या मानाने कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत (ओआरएस) प्रति लीटर 75 मिलीमोल सोडियम आणि 20 मिलीमोल पोटॅशियम असतं. नारळपाण्यात हे प्रमाण नेमकं उलटं पडतं. जुलाबात शरीरातून मीठ मोठ्या प्रमाणात जातं आणि ते एकट्या नारळपाण्याने भरून निघत नाही. आवडत असेल तर जलसंजीवनीच्या जोडीला घ्या, तिच्या जागी नको. सॉलोमन बेटांवर एका रुग्णाला नाइलाजाने नारळपाणी शिरेतून दिल्याची नोंद 2000 साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. ती दुसरं काहीच हाताशी नसतानाची तडजोड होती.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाच्या आजाराची. ज्यांची मूत्रपिंडं पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नाहीत, किंवा ज्यांना पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज शहाळं पिऊ नये. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. मधुमेह असेल तर एका मध्यम शहाळ्यातली 10 ते 15 ग्रॅम साखर दिवसाच्या आहारात धरा. मनाई नाही, पण हे साखर नसलेलं पेय आहे असं समजू नका.

टिकवण्याच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोडणासकटचं शहाळं बाहेर काही दिवस राहतं. साल तासलेलं शहाळं मात्र सतत थंडच हवं, कारण तासताना त्याचं संरक्षणच निघून गेलेलं असतं. ते पांढरं राहावं म्हणून अनेकदा सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात बुडवतात. ज्यांना सल्फाइटने दम्याचा त्रास होतो त्यांनी अशा फळाला तोंड लावून पिऊ नये. फोडलेल्या शहाळ्याचं पाणी झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी संपवा. हवा लागली की पाण्यातली विकरं काम सुरू करतात, रंग गुलाबीसर किंवा तपकिरी होतो, ताजा वास जातो. नुसता हलका गुलाबी रंग म्हणजे विष नव्हे. पण आंबूस वास, फेस, चिकटपणा किंवा आतल्या भिंतीवर बुरशी दिसली तर घोटभरही घेऊ नका. हे मी नुसतं घाबरवायला लिहीत नाही. डेन्मार्कमध्ये साल काढलेलं शहाळं सुमारे महिनाभर फ्रिजबाहेर ठेवून नंतर प्यायल्याने एका माणसाचा मृत्यू झाल्याची नोंद 2021 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. चव वाईट लागली म्हणून त्याने थोडंच घेतलं होतं. आत वाढलेल्या बुरशीने 3-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल नावाचं विष तयार केलं होतं, ते मेंदूवर आघात करतं.

सोललेला तयार नारळ थंड, कोरड्या जागी काही आठवडे सहज टिकतो, अट एकच: शेंडी काढू नका. तिच्याखालीच ते तीन डोळे असतात आणि ओल, बुरशी आत शिरते ती तिथूनच. घेतानाही शेंडीखाली बोट घालून पाहा. ओलसर किंवा काळपट लागलं तर तो नारळ परत ठेवा. खवलेलं खोबरं फ्रीझरमध्ये महिनोन्महिने राहतं.

तयार नारळ फार दिवस राहिला तर त्याला कोंब फुटतो. तेव्हा आत एक पिवळसर पांढरा, हलका, स्पंजासारखा गोळा वाढू लागतो. अंकुर आपल्यासाठी खोबरं आणि पाणी शोषून घेतो तो या गोळ्यामार्फत, आणि हळूहळू सगळी पोकळी तो व्यापून टाकतो. अशा नारळात पाणी निघालं नाही म्हणून तो फेकू नका. गोळा ताजा, कोरडा आणि वासाला गोड असेल तर खाण्यासारखा असतो, तेलकट लागत नाही आणि चवीला किंचित गोड असतो. भोवतीचं खोबरं एव्हाना पातळ झालेलं असतं. त्याचा वास घेऊन पाहा, आणि खवट नसेल तर तेही वापरा.